सांग, बंब गळायलाय

बाई, आज सकाळी सुनेनं न्हाणीतून हाक मारली, "आत्याबाई, बंब गळायलाय बगा." मी ओसरीवर ज्वारी निवडत होते. सूप बाजूला ठेवून आत गेले. तोटीच्या बुडाशी पाणी झिरपत होतं, भिंतीच्या कडेनं ओल धरली होती. मी तिला म्हणाले, नवऱ्याला सांग, बाजारला गाडी जाणारच आहे तर बंब टाकून ने, तांबटाकडून झाळून आण. मग परत येऊन ज्वारी निवडायला बसले. एवढंच झालं. दुपारपर्यंत मी माझीच वाट पाहत होते, की आता आतून काहीतरी वर येईल, डोळे भरतील, निदान घास तरी अडेल. काही झालं नाही. पोटभर जेवले, जरा आडवीही झाले. उठल्यावर मात्र दौत काढली आणि हे लिहायला बसले. तुला अक्षर येत नव्हतं, तुझी लेक म्हणून तुझ्या घरात होते तोवर मलाही येत नव्हतं. मला ते सासरी आलं. यांची स्वतःची शाळा उर्दूतली, पण मराठी यांनी मला हौसेनं शिकवली. त्यामुळं माझ्या हातचं लिहिलेलं तू कधी पाहिलं नाहीस. वाकडंतिकडं आहे, पण माझं मला लागतं.

हा आजचा बंब तुझा नव्हे. तुझा वेगळा. तो मोठ्या अक्काच्या बारशाला आला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण त्याचं येणं तू इतक्यांदा सांगितलंस की मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखंच वाटतं. मामा, तुझा थोरला भाऊ, शिरूर कासारकडच्या कोरड्या माळावरून गाडी हाकत सिंदफणेच्या काठी आपल्या गावाला आला होता. गाडीत कडब्याची गादी, तिच्यावर गोधडीत गुंडाळलेला तांब्याचा बंब. आपल्या गावात तोवर पाटलाच्या, म्हणजे आपल्या आबांच्या घरातसुद्धा चुलीवर हंडाच चढायचा. गल्लीतल्या बाया बघायला लोटल्या. एका म्हातारीनं मधल्या नळीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "पान्याच्या पोटात इस्तू ठिवायचा? मग ते भांडत कसं न्हाईत?" ही तुझी आवडती गोष्ट. बंबाबरोबर तुझ्या माहेरची एक रीतही आली, ती आपल्या गावात कुणाला ठाऊक नव्हती. तुमच्याकडे लेकीला दिलेलं भांडं गळायला लागलं तर ते देणाऱ्यानंच न्यायला यायचं आणि सांधून परत आणून द्यायचं. सासरच्यांनी परस्पर दुसऱ्या तांबटाची हातोडी त्याला लावली, तर त्याचा अर्थ, तुमचं देणंही नको आणि तुमचं येणंही नको. हे तू मला कणीक मळताना, वेणी घालताना, कधीही सांगायचीस. मी ऐकून सोडून द्यायची.

मग अक्काचं लग्न झालं आणि मामाचं येणं तुटलं. कारण सांगितलं तर आज माझी नातवंडं हसतील. मांडवात मामा अक्काच्या मागं उभा राहिला, अक्षता पडल्या, पंगती बसायच्या होत्या. मामा आपले बैल बघायला मांडवामागं गेला, तर ते उन्हात तसेच बांधलेले. सकाळपासून कुणी त्यांना पाणी दाखवलं नव्हतं. नदी हाकेच्या अंतरावर. व्याह्यांच्या बैलांना सरकी, पेंड, सगळं झालं होतं. मामाचे बैल कुणाच्या ध्यानातच राहिले नव्हते. जिथं एक घागर भरायला बाईमाणसाचा अर्धा दिवस जातो त्या मुलखातला माणूस तो. आबांना एवढंच म्हणाला, "दाजी, मला इसरला असता तर चाललं असतं." बैलांना नदीवर नेऊन पाजलं, गाडी जुंपली आणि न जेवता निघून गेला. आबांनाही राग आला. "बैलापायी भाचीचं लगीन टाकून गेला," असं ते चारचौघांत म्हणाले आणि चारचौघांनी ते शिरूरपर्यंत पोचवलं. त्यानंतर पंचमीला तुला न्यायला कुणी आलं नाही, दिवाळीला आलं नाही. तू दोघांपैकी कुणालाच चुकलं म्हणाली नाहीस. पंचमीला बाया फेर धरायला निघायच्या तेव्हा तू घर सारवायला काढायचीस.

बंब गळायला लागला तो त्यानंतर. मधल्या नळीचा बुडाचा सांधा उकलला होता. पाणी बाहेर पडत नव्हतं, आत निखाऱ्यांवर पडत होतं, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. नुसतं छस छस ऐकू यायचं, धूर कोंडायचा, आणि घरातली एकदोन माणसं न्हाऊन होईतो विस्तव विझून पाणी निवलेलं असायचं. आबा न्हाणीतून ओरडायचे, "अगं, इस्तू घातलाय का नुसता दाखवलाय?" तू उपाय करत राहिलीस. राळ लावलीस, ती पहिल्याच तापात वितळली. लाख लावलीस, तिचंही तेच. चुना आणि गूळ खलून सांध्यात भरलास, तो थोडे दिवस टिकला आणि मग त्याचे ढलपे निघाले. मग कुणीतरी सांगितलं की पाण्यातच पीठ टाकावं, ते तापून फटीत जाऊन बसतं. तू ओंजळभर ज्वारीचं पीठ टाकलंस. आबा न्हाऊन बाहेर आले, मिशा आणि छाती पांढरीफटक, आणि ओसरीवर बसलेल्या गावकऱ्यांसमोरच म्हणाले, "आज पाटलीननं आंबिलीनं न्हाऊ घातलं. मीठ तेवडं कमी हाय." सगळे हसले, तूही पदर तोंडात धरून हसलीस. गळती जरा थांबली आणि परत सुरू झाली. आबा म्हणाले, "माजलगावला धाडून देतो, सांधून आणू." तू म्हणालीस, "नगं. चालतंय की." "कावून नगं? धुरानं डोळे गेले की तुजे." तू फुंकणी उचलून न्हाणीत गेलीस. रीत त्यांना सांगायची म्हणजे माझ्या भावाला बोलवा असंच म्हणणं झालं असतं, आणि ते तू तोंडानं म्हणणार नव्हतीस.

दर साली खरिपाच्या सुगीनंतर तुझ्या माहेराकडचे धनगर मेंढ्या घेऊन नदीकाठी उतरायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या धनगराच्या मेंढ्या आबा आपल्या रानात बसवून घ्यायचे, खतासाठी, आणि तू त्याला भाकरी-कालवण द्यायचीस. एका मृगाच्या तोंडाला तो परत निघाला तेव्हा त्याच्या फडक्यात भाकरी बांधता बांधता तू म्हणालीस, "माज्या भावाला भेटलास तर सांग, बंब गळायलाय." एवढंच. ये म्हणाली नाहीस, आठवण येते म्हणाली नाहीस. धनगराला त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. "सांगतो, माय" म्हणून तो गेला. अख्खा पावसाळा तू त्या बंबाशी झगडत काढलास. सुगी झाल्यावर तो परत आला आणि उंबऱ्यात काठी टेकून म्हणाला, "सांगितलं. आदी कायच बोल्ला न्हाई. मग मी निगालो तवा माघारी हाक मारून इचारलं, कुटून गळतो म्हनं." तू विचारलंस, "आणिक?" "आणिक न्हाई. कुटून गळतो, एवडंच." त्या दिवशी तू पुरणाच्या पोळ्या केल्यास. सण नव्हता, काही नव्हतं. आबांनी विचारलं तर म्हणालीस, डाळ शिल्लक व्हती. मृगाला तू धनगराबरोबर उत्तर धाडलंस, "बुडाच्या सांध्यातून, आतल्या अंगानं." आणि पुन्हा फुंकणी घेऊन धुरात बसलीस. मला आता वाटतं, त्या दिवसांत मी तुला जितकी खुशीत पाहिली तितकी आधी कधी पाहिली नव्हती. डोळे लाल, नाक गळतंय आणि तोंडानं ओवी चाललेली.

नवरात्राआधी गावातल्या बाया घरातलं झाडून सगळं कापड नदीवर धुवायला नेतात. त्या वर्षी तू आणि मी सकाळीच गोधड्या घेऊन गेलो. दिवस कलताना ओली ओझी डोक्यावर घेऊन घरी आलो तर आबा अंगणात उभे, आणि त्यांना हसू काही लपवता येईना. फिरता तांबट गावात आला होता. आबांनी त्याला न्हाणीत बसवून सांधा झाळून घेतला होता, चिंच लावून बंब लखलखीत घासून घेतला होता आणि स्वतःच्या हातानं पऱ्हाट्या घालून पेटवला होता. इतकी वर्षं ओसरीवरून हुकूम सोडणारा माणूस त्या दिवशी तुझ्यासाठी पाणी तापवून वाट पाहत होता. "बग, एक थेंब पडत न्हाई," ते म्हणाले. "आता तुज्या डोळ्यांचं हाल व्हायचं न्हाईत." तू गोधड्या खाली ठेवल्यास. न्हाणीत गेलीस, वाकलीस आणि बंबाखालच्या राखेला हात लावून पाहिलास. राख कोरडी होती. "बरं झालं," तू म्हणालीस. आबांना तेवढं पुरलं. मी शेजारी उभी होते, मला तुझा चेहरा दिसला. त्यावर काहीच नव्हतं, ना राग ना रडू. तशीच बाहेर जाऊन तू गोधड्या वाळत घालायला लागलीस. आज मी न्हाणीतून उठून ज्वारीकडं परत गेले तेव्हा माझाही चेहरा बहुतेक तसाच असेल.

तुला काय झालं ते मला तेव्हाही थोडं कळलं होतं. आता भाऊ येण्याचं कारण उरलं नव्हतं. आणि परक्या हातोडीची बातमी त्याला लागली असती तर तो कधीच आला नसता. तू आबांवर चिडली असतीस तरी बरं झालं असतं, पण चिडायचं तरी कशावर? माणसानं मायेनंच केलं होतं. दिवाळी झाली. तू सगळं नेमानं केलंस, पण घरात असून नसल्यासारखी वावरत होतीस. मग एका दुपारी धनगर आला. आबा ओसरीवर पान जुळवत बसले होते. धनगर तुला म्हणाला, "पाटलीनबाई, तुमचा भाऊ म्हनला, औंदा ज्वारी काडून झाली की गाडी घेऊन येतो. तांबट ठरवून ठिवलाय. पर बंब अजून गळतोय का, तेवडं इचारून सांगावा धाड म्हनला. आमचा पोरगा जत्रंला घरी जानार हाय, त्याच्याजवळ सांगतो." तू दाराची चौकट धरून उभी होतीस. खरं सांगावं तर भाऊ येत नाही. खोटं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं, आणि बोलायचं तेही नवऱ्यासमोर, ज्यानं तो बंब नीट करून घेतला त्याच्या समोर. आबांनी मान वर केली. तू त्यांच्याकडं न बघता म्हणालीस, "सांग, बंब गळायलाय."

धनगर गेला. आबांनी पान अर्धवट दुमडून हातातच धरलं. मग म्हणाले, "मंजी हे असं व्हतं व्हय." तू मान खाली घातलीस. ते म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई?" तू विचारलंस, "सांगितलं असतं तर तुमी बोलावलं असतं त्याला? मानानं?" आबा पान तसंच तबकात टाकून उठले, न्हाणीत गेले, बंबातलं पाणी ओतून दिलं, बंब आडवा केला आणि सांध्याला छिन्नी लावून वर हातोडी घातली. तू धावलीस, "अवो, काय करता हे?" "तू गळायलाय म्हनलीस ना? मग गळाय नगं? पाटलाच्या घरातून खोटा सांगावा जायचा न्हाई." दुसऱ्या सकाळी पहिल्यासारखं छस छस सुरू झालं. आबा गार पाण्यानं न्हाऊन कुडकुडत बाहेर आले आणि मला म्हणाले, "मामा येईस्तवर असंच चालायचं बग." तू चुलीपुढं होतीस, तुला ते ऐकू गेलं. तुझी पाठ माझ्याकडं होती आणि खांदे हलत होते. हसत होतीस का रडत, ते मी पुढं येऊन पाहिलं नाही. मला त्या वयातही कळलं की हे तुमच्या दोघांतलं आहे.

मग तू तयारीला लागलीस. भावाला आवडतात म्हणून उडदाचे पापड केलेस. मागच्या अंगणात त्याच्या बैलांसाठी जागा सारवून घेतलीस, पाण्याची दगडी डोणी घासून ठेवलीस. आबा ते बघायचे आणि निघून जायचे, पण एकदा मी पाहिलं, त्यांनी दावणीचा ढिला खुंटा ठोकून घट्ट केला. ज्वारी काढणीला आली आणि त्याच सुमाराला तापाची साथ आली. तहसिलीतून दवंडी आली, गाव सोडून रानात झोपड्या घालून राहा म्हणून. आबा म्हणाले चला, तू म्हणालीस पाहुणा यायचा आहे, आल्यावर घराला कुलूप बघंल का? म्हणून आपण राहिलो. शेजारच्या घरांत तू पेज नेऊन द्यायचीस, मग तूच पडलीस. तापात तू बंबाचं नाव काढलं नाहीस की भावाचं. पाणी मागायचीस आणि दिलं की ओठ मिटून घ्यायचीस. सकाळी सकाळीच तू गेलीस. आबा भिंतीला टेकून बसले ते हललेच नाहीत. उरलेसुरले शेजारी आले, बाया म्हणाल्या, हिला न्हाऊ घालायला पाणी तापवा. कुणी तरी बंब पेटवायला गेलं, तर त्यात विस्तव काही धरेना. शेवटी अंगणात दगड मांडून हंडा चढवला.

ते पाणी तापत होतं तेव्हा मामाची गाडी आली. त्याला सांगावा मिळाला होता तो बंबाचा. तुझा कुणी धाडलाच नव्हता, धाडायला वेळही नव्हता. गाडीत कडब्याची गादी होती, गोधडी होती, आणि इतक्या वर्षांनी बहिणीला भेटायचं म्हणून हिरवं लुगडं आणि खण होता. सवाष्ण गेली तर तिला माहेरचं लुगडं भावानं नेसवायचं असतं. त्याला ते आणायला परत जावं लागलं नाही. तू ते नेसून गेलीस. मामा आणि आबा एकमेकांशी काय बोलले मला माहीत नाही. दोघांनी मिळून तिरडी बांधली. त्याही दिवशी मामाच्या बैलांना पाणी दाखवायचं राहून गेलं. नदीवरून परत आल्यावर मामानंच त्यांना सोडलं, नेऊन पाजलं, आणि त्यावरून कुणी चकार शब्द काढला नाही. तेराव्यानंतर तो बंब गाडीत घालून घेऊन गेला आणि उन्हाळ्यात सांधून आणून दिला, रीतीप्रमाणं. चांगला झाला होता. पण आबा तोवर गार पाण्याला सवकले होते, ते शेवटपर्यंत त्याच पाण्यानं न्हाले. बंब पुढं अक्काकडं गेला. मी मागितला नाही. लोक म्हणायचे, ही पोरगी रडत नाही, हिला रडवा, नाहीतर आत धरून बसेल. एका चुलतीनं मला चिमटेसुद्धा काढून पाहिले. चिमटे दुखले, एवढंच. पुढं लग्न झालं, पोरं झाली, त्यातलं एक गेलं, मग हेही गेले. त्या सगळ्यांचं जे रडायचं ते मी वेळच्या वेळी रडले. तुझ्या नावाचं तेवढं काही निघालं नाही, आजही नाही.

हा कागद कुठं धाडायचा, बाई? घडी घालून कणगीमागं ठेवीन, उंदीर वाचतील. पण लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट राहिली, जी मी आबांना, मामाला, यांनाही कधी सांगितली नाही. त्या सकाळी बायांनी मला हंड्याखाली घालायला गोवऱ्या आणायला परड्यात पाठवलं होतं. गोवऱ्या घेऊन वळले तोच घुंगरांचा आवाज आला. मी कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. मामा गाडीत पुढं बसला होता, डोक्याला नवा पटका, आणि मला ओळखून त्यानं हात वर केला. गोवऱ्या माझ्या हातातून तिथंच पडल्या. मी पळत घरात आले, बायांमधून वाट काढत तुझ्यापाशी आले, तुझा खांदा धरून हलवला आणि म्हणाले, "बाई, ऊठ, मामा आलाय." सगळ्या बाया एकदम मोठ्यानं रडायला लागल्या, एकीनं मला पोटाशी धरलं. त्यांना वाटलं, मला दुःख सोसवेना. तसं नव्हतं, बाई. मला लई आनंद झाला होता.